सुटींतील धांव व समुद्रकिनारा

शाळेच्या मैदानावर वर्षभर नेमानें धांवणारीं मुलें सुटी लागली कीं धांवणें सोडून देतात, ही गोष्ट कोणाच्याहि नजरेस येण्यासारखी आहे. गांवीं राहिलेला विद्यार्थी निदान सवयीनें तरी पहांटे उठून नदीकांठीं जातो. परंतु जो आईबापांबरोबर परगांवीं, आणि त्यांतहि समुद्रकांठच्या गांवीं जातो, त्याची धांव पहिल्याच दिवशीं बंद पडते. कारण विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें: "तेथें धांवण्यास जागाच नव्हती." दूरवर पसरलेल्या वाळूच्या पटांगणापुढें उभें राहून जागा नव्हती असें म्हणणें हास्यास्पद वाटेल, पण त्यांत थोडें सत्य आहे. जागा असते, वाट नसते. वाट शोधावी लागते, आणि ती कशी शोधावी हें आम्हां वऱ्हाडांतील लोकांस कोणी शिकविलेलें नसतें. परक्या किनाऱ्यावर धांवण्याची चांगली वाट शोधणें ही धांवण्याइतकीच शिकण्यासारखी विद्या आहे, आणि जो ती शिकेल त्याची सुटी फुकट जाणार नाहीं, एवढेंच आम्हांस या लेखांत सांगावयाचें आहे.

कित्येक पालक म्हणतील कीं, सुटी ही विश्रांतीसाठीं असते. तेथें हा खटाटोप कशाला? हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. वर्षभर दमलेल्या शरीरास चार-आठ दिवस मोकळे मिळाले तर त्यांत नुकसान कांहींच नाहीं. परंतु धांव दोन-तीन आठवडे अजीबात बंद राहिली म्हणजे कमावलेला दम उतरूं लागतो, आणि तो पुन्हां मिळविण्यास बराच काळ घालवावा लागतो. आमच्या भागांतील कितीतरी मुलांस पुढें पोलीस भरतीच्या मैदानावर उभें राहावयाचें असतें. तेथें मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धांवावें लागतें, आणि घड्याळ कोणाचीहि सुटी मोजीत नाहीं. शिवाय दुसरें असें कीं, मोटारींतून पाहिलेलें गांव आठवड्यांत विसरतें. पायाखालून गेलेलें गांव जन्मभर आठवतें. ज्यास गांव खरोखर पाहावयाचें आहे, त्यास पहांटेच्या धांवेसारखें साधन नाहीं.

बाळापुरच्या मुलास धांवण्याच्या वाटा ठाऊक असतात खऱ्या. पण त्या त्यानें शोधलेल्या नसून त्यास वारशानें मिळालेल्या असतात. मन व म्हैस या नद्यांच्या मधल्या उंचवट्यावरील, इ. स. १७५७ सालीं बांधून पुरा झालेला किल्ला, मिर्झा राजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाणारी छत्री, पारसकडे जाणारा रस्ता, काळ्या शेतांमधील पांदण, हीं सर्व ठिकाणें त्याच्या वडील भावानें आधींच तुडविलेलीं असतात. तथापि या वारशांत एक मोठा धडा आहे. उन्हाळ्यांत नदीचें पात्र कोरडें असतांना जी वाट पायाखालीं असते, तीच पावसाळ्यांत पुराखालीं जाते. आणि मोठा पूर आला म्हणजे किल्ला एक बाजू सोडून बहुतेक चहूंकडून पाण्यानें वेढला जातो. पाण्याकांठची वाट ही पाण्याच्या मर्जीची असते, हें आमच्या मुलांस अशा रीतीनें लहानपणींच कळलेलें असतें. समुद्रावर हाच फेरा वर्षांतून एकदां नव्हे, तर दिवसांतून दोनदां होतो, इतकाच काय तो फरक. आमच्या मनेचें पाणी पूर्णेस, पूर्णेचें तापीस आणि तापीचें सुरतेजवळ त्याच अरबी समुद्रास मिळतें. तेव्हां हा समुद्र आम्हांस अगदींच परका आहे असें मानण्याचें कारण नाहीं.

समुद्रकांठीं वाट शोधणाऱ्यानें पहिली चौकशी करावी ती रस्त्याची नव्हे, भरती-ओहोटीची. हल्लीं फोनवरील नकाशांत किनारा सदा एकाच रेषेनें काढलेला दिसतो. खरा किनारा मात्र दर घटकेस पुढें-मागें सरकत असतो. सकाळीं जेथें चांगली रुंद वाळू दिसली, तेथें दुपारीं लाटा सुरूच्या झाडांच्या मुळांशीं आलेल्या असतात. कोंकणांतील लोकांचा याविषयींचा एक सोपा हिशेब आहे, तो प्रत्येक विद्यार्थ्यानें पाठ करावा. त्या दिवशींच्या तिथीची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल, त्या सुमारास पूर्ण भरती असते. त्यानंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी, आणि पुन्हां तितक्याच वेळानें भरती. उदाहरणार्थ, अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणून सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास भरती आणि दुपारीं बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा व अमावास्या या पंधराव्या तिथि. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणून भरती दुपारच्या सुमारास आणि ओहोटी सकाळीं पांच-साडेपांचास व सायंकाळीं तशीच. दोन्ही पक्षांत एकापासून मोजावें. चंद्र रोज उशिरां उगवतो, तशी भरतीहि रोज सुमारें पन्नास मिनिटें मागें पडते. हिशेबाचें रहस्य काय तें इतकेंच.

या हिशेबावरून धांवणाऱ्यास आपला पंधरवडा आगाऊ आंखतां येतो. पौर्णिमा-अमावास्येपासून तृतीया-चतुर्थीपर्यंत सकाळीं वाळू मोकळी असते. ते दिवस किनाऱ्याचे. षष्ठीपासून एकादशीपर्यंत पहांटे पाणी वर असतें; ते दिवस गांवांतील रस्त्याचे. दिवाळीच्या सुटींत कोंकणांत जाणाऱ्यांस तर हें फारच सोयीचें पडतें. लक्ष्मीपूजन अमावास्येस येतें, भाऊबीज द्वितीयेस. त्या दिवसांत सकाळीं पांचापासून आठापर्यंतच्या वेळांत ओहोटी सांपडते. मात्र पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतें, म्हणजे पाणी जितकें दूर ओसरतें तितकेंच जोरानें वर चढतें. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हां चढउतार थोडा असतो. म्हणून उधाणाच्या दिवशीं परतण्याची वेळ विशेष कसोशीनें पाळावी. पाऊणपटीचा हा हिशेब स्थूल आहे. ठिकाणाप्रमाणें त्यांत फरक पडतो. बिनचूक वेळा पाहिजे असल्यास भारतीय सर्वेक्षण विभागाचीं भरती-ओहोटीचीं कोष्टकें प्रसिद्ध होतात, आणि बंदरावरील कोणताहि नाखवा त्याहून लवकर उत्तर देतो.

दुसरी गोष्ट वाळूची. कोंकणांत या वाळूच्या पट्ट्यास पुळण म्हणतात. पुळणीचे धांवणाऱ्याच्या दृष्टीनें दोन भाग आहेत. वरची कोरडी वाळू पायाखालीं सरकते आणि प्रत्येक पाउलाचें बळ गिळून टाकते. तिच्यावर धांवण्यास टणक जमिनीहून दीडपटीपेक्षां अधिक शक्ति खर्च होते. खालचा, नुकतेंच पाणी ओसरलेला पट्टा ओला व घट्ट असतो. धांवावयाचें तें त्यावर. परंतु तेथेंहि जमीन पाण्याकडे उतरती असते, आणि एकाच दिशेनें फार वेळ धांवलें तर एक पाय सतत खालीं व एक वर पडून गुडघा व कंबर दुखूं लागते. यास उपाय साधा आहे: जितकें पुढें जावें तितकेंच त्याच वाटेनें परत यावें, म्हणजे दोन्ही पायांचा हिशेब सारखा होतो. अनवाणी धांवण्याचा मोह तेथें सर्वांस होतो. त्यास आमची हरकत नाहीं. पण बुटांची संवय असलेल्या पायानें पहिल्या दिवशीं पांच-सात मिनिटांवर जाऊं नये, नाहींतर दुसऱ्या दिवशीं पोटऱ्या जिना उतरूं देत नाहींत. शिंपल्यांचे कांठ व खडकांवरील कालवें सुरीसारखीं कापतात, आणि पावसाळ्यांत वाहून आलेल्या जेली माशांचा स्पर्शहि दाहक असतो, हें ध्यानांत असावें.

सर्व किनारे सारखे नसतात, हें दोन-तीन उदाहरणांनीं स्पष्ट होईल. अलिबागची वाळू काळसर व घट्ट. ओहोटीच्या वेळीं समोरच्या कुलाबा किल्ल्यांत पायीं जातां येतें, इतकी ती उघडी पडते. तेथील धांवणारा दक्षिणेस आक्षी-नागांवाकडे वळला, तर मध्यें खाडी आडवी येते, आणि पलीकडील सुंदर पुळण गांठण्यास रस्त्यानेंच जावें लागतें. त्या रस्त्यानें गेलें असतां शके ९३४ चा मानला जाणारा मराठी शिलालेख आक्षीस पाहावयास सांपडतो. वाट वांकडी झाली तर लाभ असाहि होतो. गुहागरास याच्या उलट. तेथें सुमारें सहा किलोमीटर लांबीची पुळण आहे, आणि तिला समांतर असा गांवचा एकच लांब रस्ता नारळी-पोफळींच्या वाड्यांमधून खालच्या पाटापासून वरच्या पाटापर्यंत जातो. ओहोटी असेल तर पुळणीनें जावें, भरती असेल तर वाडींतील सावलींतून जावें. एकाच गांवांत दोन वाटा, आणि निवड करणार तिथि. रत्नागिरींत गोष्ट आणखी निराळी. मांडवीची वाळू काळी, भाट्याच्या पुळणीमागें सुरूचें बन आणि वाटेंत खाडीवरचा लांब पूल. ज्यास चढाव पाहिजे असेल त्यानें थिबा राजाच्या वाड्याकडील रस्ता धरावा. ब्रह्मदेशाच्या या पदच्युत राजासाठीं बांधलेला वाडा १९१० सालीं पुरा झाला. इतिहासाच्या वर्गांत जें नांव दोन ओळींत संपतें, त्याचा वाडा धांपा टाकीत चढून पाहिला म्हणजे मनांत कायमचा राहतो.

तिसरी गोष्ट हवेची. आणि येथें आमच्या मुलांची हटकून फसगत होते. पारा ४५ अंशांच्या घरांत गेला तरी न डगमगणारा अकोल्या-बाळापुरचा मुलगा कोंकणांतील ३२-३३ अंशांस हंसतो, आणि पहिल्याच दिवशीं अर्ध्या वाटेंत बसतो. वऱ्हाडची हवा कोरडी. अंगावरचा घाम तत्काळ वाळतो आणि वाळतांना अंग थंड करतो. किनाऱ्याची हवा दमट. तेथें घाम निथळतो पण वाळत नाहीं, त्यामुळें शरीराची उष्णता आंतल्या आंत कोंडते. थर्मामीटरचा आंकडा लहान म्हणून शरीरावरील भार लहान, असें नसतें. म्हणून पहिले चार-पांच दिवस नेहमींच्या अर्ध्यावर समाधान मानावें, वेग कमी ठेवावा, आणि पाणी तहान लागण्यापूर्वीं प्यावें. सकाळची वेळ येथें सर्वांत उत्तम. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा तेव्हां मंद असतो, आणि सूर्य पाठीमागून डोंगरांच्या आडून वर येत असल्यामुळें किनाऱ्यास ऊन्ह उशिरां लागतें. दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा जोर धरतो. त्याच्याशीं झुंजणें नवशिक्याचें काम नव्हे. ज्यास सायंकाळींच धांवावयाचें असेल, त्यानें जातांना वारा तोंडावर व येतांना पाठीवर राहील अशी दिशा धरावी.

आतां धोक्यांविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. कारण पालकांची भीति निराधार नाहीं. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं रायगड जिल्ह्यांतील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. तीं मुलें समुद्राशीं अपरिचित होतीं. तशींच आमचींहि आहेत. धांवणारा पाण्यांत शिरत नाहीं हें खरें. परंतु धांव संपल्यावर तापलेल्या अंगानें लाटांत उडी घेण्याचा मोह हाच मोठा धोका आहे. आमचें मत असें आहे कीं, धांव व पोहणें हीं दोन कामें परक्या किनाऱ्यावर कधींहि एकत्र करूं नयेत. तसेंच खाडीच्या मुखाशीं जाऊं नये. तेथें प्रवाह जोराचा असतो, आणि वरून कोरडा दिसणारा चिखल गुडघाभर पाय गिळतो. ओहोटीच्या वेळीं खडकाच्या टोंकास वळसा घालून पलीकडील पुळणीवर गेलेला मनुष्य भरतींत तिकडेच अडकतो. कुलाबा किल्ल्यांत रेंगाळणाऱ्यांसहि भरती लागल्यावर नावेची वाट पाहावी लागते. म्हणून नियम करावा कीं, पाणी ओसरत असतांना निघावें व तें परत वळण्यापूर्वीं माघारीं यावें. रस्त्यानें जाणाऱ्यांस निराळी सूचना. कोंकणांतील रस्ते अरुंद, वळणाचे, दोहों बाजूंस जांभ्याच्या दगडांचे गडगे. मोटार आली तर बाजूस होण्यास जागा नसते. तेथें उजव्या बाजूनें, समोरून येणारीं वाहनें दिसतील असें धांवावें. आमच्याकडील महामार्गावरहि हाच नियम आहे, पण आमच्या मुलांनीं पहांटेच्या अंधारांत महामार्गावर जाऊंच नये हें अधिक बरें.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. रिकामा दिसणारा किनारा रिकामा नसतो. जेथें आम्ही मैदान पाहतों, तेथें कोळ्याचें खळें असतें. आमच्या गांवीं मळणीच्या दिवसांत कोणी परका पायांत बूट घालून ज्वारीच्या राशींतून धांवत गेला, तर आम्हांस काय वाटेल? वाळत घातलेले बोंबील, पसरलेलीं जाळीं, ओढून ठेवलेल्या होड्या यांची तीच योग्यता आहे. हर्णैस तर किनाऱ्यावरच माशांचा लिलाव चालतो; त्या वेळीं त्या गर्दींतून वाट काढणें हें धांवणें नव्हे, अडथळा करणें होय. नाकास रुमाल लावून जाण्याचा असभ्यपणा तर मुळींच करूं नये; त्या वासावर कोणाच्या तरी मुलांची फी भरली जाते. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर समुद्री कांसवें अंडीं घालतात व तीं कुंपण घालून राखलेलीं असतात. तेथून दुरून जावें. असा आदर ठेवणाऱ्यास बदल्यांत जें मिळतें तें कोणत्याहि नकाशांत नसतें. "काका, पाणी केव्हां वळेल? पुढें वाट मोकळी आहे का?" असें नम्रपणें विचारणाऱ्या मुलास किनाऱ्यावरील माणूस नुसती वेळच सांगत नाहीं, कोठें वाळू भुसभुशीत, कोठें ओढ, कोणत्या गल्लींत कुत्रीं, हें सर्व सांगतो. वाट शोधण्याची खरी विद्या ती हीच: पायांच्या आधीं जिभेनें चालावें.

हें सर्व एकत्र केलें म्हणजे रीत अगदीं सोपी होते. गांवीं पोंचल्यावर पहिल्या सायंकाळीं धांवूंच नये. घरच्या मंडळींबरोबर ती वाट चालून पाहावी. पंचांगांत तिथि पाहावी, एका स्थानिक माणसास विचारावें, परतण्याची खूण म्हणून एखादें देऊळ, दीपगृह किंवा ठळक झाड ध्यानांत ठेवावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं निम्मी वाट धांवावी, आणि कोणत्या वाटेनें जातों व केव्हां परत येणार हें घरीं सांगून निघावें. तिसऱ्या दिवसापासून ती वाट आपली.

पालकांस शेवटीं एक विनंती, आणि ती मुलींविषयीं. परगांवीं गेल्यावर मुलास धांवण्याची परवानगी सहज मिळते, मुलीस मिळत नाहीं. "लोक काय म्हणतील" हें कारण आपल्या गांवीं असतें तेंच तेथेंहि सांगितलें जातें. वस्तुतः जेथें आपल्यास कोणी ओळखत नाहीं, तेथें तरी त्या कारणास जोर नसावा. दोघी बहिणींनीं मिळून धांवावें, किंवा बाबांनीं अथवा आत्यानें सायकलीवर बरोबर जावें, आणि वर्दळीची वाट निवडावी. इतक्यानें काळजीचा भाग सुटतो. सातारा जिल्ह्यांतील माण हा अवर्षणाचा तालुका. समुद्र तेथून फार दूर. त्या तालुक्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर यांनीं २०१६ सालीं रिओ या समुद्रकांठच्या शहरांतील ऑलिंपिकमध्यें ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गांठून दहावा क्रमांक मिळविला. त्यांच्याहि कितीतरी आधीं, १९२० सालीं, बेळगांवचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्यें मॅरॅथॉन धांवून एकोणिसावे आले होते. परकी जमीन, परकी हवा आणि परक्या वाटा यांस न बिचकणें हा धांवणाऱ्याचा पहिला गुण होय. आणि तो गुण सुटींतल्या परगांवीं जितका स्वस्तांत शिकतां येतो तितका अन्यत्र नाहीं.

समुद्र पाहण्यास जाणें सर्वांस परवडतें असें नाहीं, हें आम्ही जाणतों. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांची सुटी मामाच्या शेतांत, किंवा घरच्याच कामांत जाते. त्यांस आमचें सांगणें असें कीं, या लेखांतील समुद्र काढून टाकला तरी उरतें तें त्यांच्या उपयोगाचें आहे. जेथें जाल तेथील पाणी, जमीन, हवा आणि माणसें यांची आधीं विचारपूस करा, आणि मग पाउल उचला. मामाच्या गांवच्या पांदणीसहि तिची वेळ असते, तिचा चिखल असतो, तिचा राखणदार असतो. ज्यानें तीं ओळखलीं त्यास कोठेंहि वाट सांपडेल, आणि जून महिन्यांत शाळा उघडेल तेव्हां मैदानावर तो दम टिकवून आलेला दिसेल. अशीं मुलें व मुली यंदां अधिक संख्येनें परत येवोत, एवढीच आमची इच्छा आहे.